सिंकखालचं कपाट रिकामं करताना

काम ठरवलं तेव्हा साधं वाटत होतं. दिवाळीची आवराआवर सुरू व्हायच्या आधी, बोअरवेलचं पाणी येणाऱ्या एका वन बीएचके फ्लॅटमधली साफसफाईची सगळी रसायनं बाहेर काढायची, प्रत्येक लेबल वाचायचं आणि नको ते घराबाहेर घालवायचं. एक रविवार पुरेल असा अंदाज होता, प्रत्यक्षात तीन आठवडे गेले. बाटली टाकून देणं सोपं असतं, पण ती ज्या कामासाठी आणली होती ते काम दुसऱ्या कशाने तरी करून दाखवावं लागतं. नाहीतर पंधरा दिवसांत तीच बाटली परत त्याच जागी येऊन बसते.

गॅलरीत वर्तमानपत्रं पसरून सगळं मांडलं. सिंकखाली सहा, बाथरूमच्या खिडकीत चार, संडासात दोन, वॉशिंग मशीनच्या मागे एक आणि कपड्यांच्या कपाटात एक पुडी. एकूण चौदा. त्यांचे वास किंवा कंपन्या बघून नव्हे, तर आत काय आहे ते बघून चार ढीग केले. ॲसिडचे चार नग: घट्ट निळ्या टॉयलेट क्लीनरच्या दोन बाटल्या, एक टाइल क्लीनर आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरलेलं हातगाडीवरचं सुटं ॲसिड. क्लोरीनचे दोन: ब्लीच आणि पाण्याच्या टाकीसाठी आणलेल्या टीसीएलचा, म्हणजे ब्लिचिंग पावडरचा डबा. तीव्र अल्कलीचे दोन: ड्रेन मोकळं करायची पावडर आणि ओट्यावरचा तेलकटपणा काढणारा स्प्रे. उरलेले सहा म्हणजे पांढरं फिनाईल, काळं फिनाईल, सुवासिक फ्लोअर क्लीनर, काचेचा स्प्रे, एअर फ्रेशनर आणि डांबर गोळ्या.

पहिले तीन ढीग एकमेकांपासून लांब ठेवले. ही खबरदारी उगाच नव्हती. बाथरूमच्या खिडकीत टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच खांद्याला खांदा लावून उभे होते, आणि क्लीनरचं झाकण चिरलेलं होतं. त्या खिडकीची लोखंडी कडी तांबूस-पिवळी होऊन पापुद्रे सुटत होते, तर दुसऱ्या खिडकीची, त्याच वयाची कडी नुसती काळवंडलेली होती. झाकणातून हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ सतत झिरपत असली की शेजारच्या लोखंडाचं असं होतं. ज्या घरात बाथरूमच्या बिजागऱ्या, नळाचे स्क्रू, बादलीच्या कड्या सारख्या गंजतात, तिथे आधी ॲसिडची बाटली कुठे आहे ते बघावं. कडीला लागते ती वाफ आंघोळ करणाऱ्याच्या नाकातही जातेच.

ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. किती सुटतो याचा अंदाज मात्र नसतो, म्हणून हिशेब मांडला. चार बाय सहा फुटांचं, आठ फूट उंचीचं बाथरूम धरलं तर आत सुमारे साडेपाच हजार लिटर हवा असते. ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेलं १०० मिली ब्लीच, म्हणजे अर्धा पेला, पुरेशा ॲसिडला भेटलं तर त्यातून दीड लिटरपेक्षा थोडा जास्त क्लोरीन मोकळा होऊ शकतो. दार-खिडकी बंद असेल तर हवेत त्याचं प्रमाण ३०० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत तीनशे भागांच्या, आसपास जातं. त्यातला दहावा भागच सुटला असं धरलं तरी ३० पीपीएम होतात, आणि एवढ्यावर छाती आवळते, खोकल्याची उबळ थांबत नाही. कामाच्या जागेवरच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या नायोश संस्थेने जीवाला तात्काळ धोका असलेली पातळी १० पीपीएम धरली आहे. बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर एप्रिल १९१५ मध्ये सैनिकांवर सोडला तो हाच वायू.

आपल्याकडच्या पद्धतीत आणखी एक धोका आहे. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड, त्यामुळे तो खाली साचतो. आपण मोरी घासतो ती उकिडवं बसून, नाक जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर. एक्झॉस्ट फॅन असतो सात फुटांवर. म्हणजे फॅन फिरत असला तरी बसलेल्या माणसाला त्याचा म्हणावा तसा उपयोग होत नाही. दार पूर्ण उघडं हवं, आणि ते आपोआप लागू नये म्हणून उंबऱ्याशी भरलेली बादली ठेवावी.

ही चूक मुद्दाम कोणी करत नाही. नेहमीचा क्रम असा: ॲसिड ओतलं, दहा मिनिटं थांबलं, डाग निघाला नाही, मग 'हे पण टाकून बघू' म्हणून वरून ब्लीच किंवा ब्लिचिंग पावडर. मध्ये पाणी मारलेलं असतं, पण भांड्याच्या गळ्यात आणि फरशीच्या सांध्यांत ॲसिड राहिलेलंच असतं. व्हिनेगर, लिंबूरस, लिंबूसत्व ही 'घरगुती' आंबट द्रव्यंही ब्लीचमधून क्लोरीन काढतात. अमोनिया असलेला काचेचा स्प्रे किंवा साचलेली लघवी यांच्यावर ब्लीच पडलं तर क्लोरामाइन तयार होतं, तेही घसा आणि डोळे भाजून काढतं. लहान मुलाची गादी किंवा संडासाचा कोपरा ब्लीचने पुसायचा असेल तर आधी साध्या पाण्याने भरपूर धुऊन घ्यायचा, तो याचसाठी.

विल्हेवाटीची सुरुवात सुट्या ॲसिडपासून केली, कारण कपाटातली सगळ्यात वाईट वस्तू तीच होती. एक तर कोल्ड्रिंकची बाटली, वर लेबल नाही, आत फिकट पिवळं पाणी. तहानलेल्या मुलाने उचलावी अशीच. दुसरं म्हणजे तीव्रता माहीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या जुलैमध्ये सुट्या ॲसिडच्या विक्रीवर बंधनं घातली. घेणाऱ्याचं ओळखपत्र आणि नोंदवही असल्याशिवाय ते विकता येत नाही. तरी गल्लीत हाळी ऐकू येतेच.

गच्चीत, उघड्यावर, प्लास्टिकच्या मोठ्या बादलीत दहा लिटर पाणी घेतलं. स्टील किंवा ॲल्युमिनियमची बादली घ्यायची नाही. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, वारा पाठीवर. ॲसिड पाण्यात बारीक धारेने सोडायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही, नाहीतर वरचा थर उकळून अंगावर उडतो. मग खायचा सोडा चमचा-चमचा घालत लाकडी काठीने ढवळायचं. फेस येतो तो कार्बन डायऑक्साइड, आणि तो भरपूर असतो, म्हणून हे बंद बाथरूममध्ये करायचं नाही.

टॉयलेट क्लीनरवर साधारण १० टक्के ॲसिड असं छापलेलं असतं. अर्ध्या लिटरला हिशेबाने सव्वाशे ग्रॅमच्या आत सोडा लागायला हवा, आणि तेवढाच लागला. सुट्या ॲसिडच्या अर्ध्या लिटरला मात्र पाव किलो सोडा संपला तरी फेस येतच होता. साडेतीनशे ग्रॅमला थांबला. उलटा हिशेब केला तर ते २५ टक्क्यांच्या वर निघतं. टॉयलेट क्लीनरच्या अंदाजाने ते हातात घेणारा माणूस अडीच पटीहून जास्त तीव्र द्रव हाताळत असतो, आणि बाटली त्याला तसं सांगत नाही. फेस पूर्ण थांबल्यावर ते पाणी संडासात, वरून दोन बादल्या पाणी. रिकामी बाटली तीनदा विसळून, चिरून, मग सुक्या कचऱ्यात.

त्या दिवशी ब्लीचच्या बाटलीला हातही लावला नाही. ॲसिड गेलेल्या पाइपात त्याच दिवशी ब्लीच सोडायचं नाही, हा नियम लिहून ठेवण्यासारखा आहे.

आता खरी अडचण सुरू झाली: बोअरच्या पाण्याचा पांढरा थर. लोक ॲसिड आणतात ते हौसेने नव्हे, या थरापायीच. तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच. साबणाने तो हलत नाही, घासून चरे पडतात, त्याला आंबटच लागतं. म्हणून लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिडची पावडर घेतली. तिची वाफ उठत नाही, हीच तिची मोठी बाजू. डोळ्यात गेली तर चांगलीच झोंबते, तेव्हा चष्मा इथेही हवाच.

नळांना हे लगेच जमलं. एक लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवलं, जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या त्यात भिजवून नळाच्या तोंडाला आणि बुडाला गुंडाळल्या, वीस मिनिटांनी काढून मऊ ब्रशने घासलं. शॉवरची जाळी काढून वाटीत बुडवली, तर भोकांतून बारीक बुडबुडे निघताना दिसत होते, आणि ते थांबले तेव्हा थर सुटला होता. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ ठेवू नये, क्रोमचा मुलामा पातळ असला तर तो निस्तेज होतो. पाणी उकळतं घेतलं तर जास्त चांगलं, असं वाटण्याची शक्यता आहे, पण तापवल्यावर कॅल्शियम सायट्रेटचा साका धरतो आणि जुन्याच्या जागी नवा पांढरा थर बसतो. कोमटच घ्यावं, आणि नंतर साध्या पाण्याने नीट धुवावं.

कमोड मात्र पहिल्या दिवशी फसला. दोन मोठे चमचे पावडर भांड्यातल्या पाण्यात टाकली आणि सकाळी बघितलं तर कडं जसंच्या तसं. कारण सरळ होतं. भांड्यात दीड-दोन लिटर पाणी उभं असतं, त्यात दोन चमचे म्हणजे दीड-दोन टक्केही नाही. दुसऱ्या वेळी ब्रशने पाणी आत ढकलून पातळी खाली आणली, १५० ग्रॅम पावडर अर्धा लिटर कोमट पाण्यात विरघळवून ओतली, पाण्याच्या रेषेवरच्या कड्याला त्याच पाण्यात भिजवलेले टिश्यू पेपर चिकटवले आणि रात्रभर फ्लश बंद. सकाळी वरचा तपकिरी थर ओल्या पुठ्ठ्यासारखा मऊ होऊन ब्रशला आला. खालचा दगडी थर जायला आणखी दोन रात्री लागल्या. बाजारच्या ॲसिडने हे अर्ध्या तासात होतं, हे खरं आहे. तीन रात्री विरुद्ध अर्धा तास, हा सौदा ज्याने त्याने आपल्या घरातली लहान मुलं आणि दमेकरी बघून ठरवावा. आमचं मत तीन रात्रींच्या बाजूने आहे. आणि एकदा स्वच्छ झालं की आठवड्याला तीस ग्रॅम पावडर पुरते, थर पुन्हा साचतच नाही.

शहाबादी फरशीने मात्र हात टेकायला लावले. मोरीच्या कोपऱ्यात, मशीनच्या मागे, जिथे कोणी बघत नाही तिथे लिंबूसत्वाच्या पाण्याचे दोन थेंब टाकले. लगेच फसफसलं, आणि पुसल्यावर तिथे रुपयाएवढा फिकट, खरखरीत डाग उमटला. शहाबादी आणि कोटा हे दोन्ही चुनखडीचे दगड, संगमरवरही त्याच कुळातला. वरचा थर आणि खालची फरशी एकाच द्रव्याची, त्यामुळे जे थर खातं ते फरशीही खातं. हातगाडीच्या ॲसिडने धुतलेली शहाबादी पहिल्या दिवशी उजळ दिसते ती यामुळेच: वरचं गुळगुळीत कातडं निघालेलं असतं. मग त्या खरखरीत पृष्ठावर मळ दुप्पट वेगाने धरतो आणि पुढच्या महिन्यात परत ॲसिड लागतं. टाइल्समधले सिमेंटचे सांधेही असेच झिजून पोकळ होतात आणि खालच्या घराच्या छताला ओल येते. अशा फरशीला धुण्याचा सोडा एक चमचा प्रतिलिटर, ताठ ब्रश, आणि रोज आंघोळीनंतर वायपरने पाणी ओढून टाकणं. पाणी वाळू दिलं नाही तर क्षार बसणार कुठून? जुना थर मात्र ठेवून द्यावा लागला.

समाजमाध्यमांवर फिरणारा 'व्हिनेगर अधिक खायचा सोडा' हा प्रकारही करून बघितला. फेस देखणा येतो. पण आम्ल आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात, उरतं ते जवळजवळ नुसतं खारट पाणी. थराला व्हिनेगर एकटं, तेलकटपणाला सोडा एकटा. बायो-एन्झाइमचंही नीट समजून घ्यावं. एक भाग गूळ, तीन भाग संत्र्या-मोसंब्याच्या साली, दहा भाग पाणी, तीन महिने मुरवलेलं हे द्रव्य चांगलं आंबट असतं. रोजच्या मोरीला ते छान चालतं, पण शहाबादीवर नको आणि ब्लीचबरोबर तर नकोच. पहिला महिना झाकण रोज सैल करून गॅस सोडावा लागतो. काचेची बाटली घेऊ नये, ती फुटते.

ड्रेनची पावडर म्हणजे कॉस्टिक सोडा. पाण्याला लागताच ती प्रचंड तापते. पाकीट ओतून वरून थोडंसंच पाणी घातलं तर पाइपातच तिचा दगड होतो आणि तुंबलेलं आणखी पक्कं बसतं. गरम पाणी ओतलं तर उकळी फुटून तोंडावर येते. आधी टॉयलेट क्लीनर टाकून बघितलेलं असेल तर त्याहून वाईट. तिच्याजागी सिंकखालचा बॉटल ट्रॅप हाताने फिरवून उघडला, खाली बादली धरली. आत भाताचं शीत, चहाची पूड आणि गोठलेलं तूप यांचा मुठीएवढा गोळा होता. वॉशर परत नीट बसवायचं, नाहीतर पाणी ठिबकतं. दहा मिनिटांचं काम. पावडर आधीच टाकून झाली असेल तर ट्रॅप उघडू नये आणि पंपही मारू नये, कारण आतलं पाणी कातडी सोलून काढणारं असतं. घरातली उरलेली दोन पाकिटं सोसायटीच्या प्लंबरला दिली.

बाकीच्यांवर फार वेळ गेला नाही. डांबर गोळ्या म्हणजे नॅफ्थलीन. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात, आणि ही कमतरता बहुतेकांना माहीत नसते. आजीच्या पेटीतली दुपटी, टोपडी काढून थेट बाळंतिणीच्या खोलीत नेण्याची आपल्याकडे पद्धत आहे, तेव्हा हे घरोघरी सांगायला हवं. युरोपीय संघाने या गोळ्या २००८ मध्येच बंद केल्या. कपडे धुऊन, कडक उन्हात दोन दिवस वाळवून, घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवले की कसर लागत नाही. काळं फिनाईल कोळशाच्या डांबरातल्या फिनॉलवर्गी द्रव्यांचं असतं. घरात मांजर असेल तर ते नकोच, मांजराच्या यकृताला ही द्रव्यं पचवता येत नाहीत आणि ओल्या फरशीवरून चालून ते पंजे चाटतं. एअर फ्रेशनरचं काम खिडकी करते. सुवासिक क्लीनर आणि पांढऱ्या फिनाईलऐवजी अर्ध्या बादलीला एक चमचा भांडी घासायचं लिक्विड टाकून फरशी पुसली. वास काही येत नाही, आणि पहिले चार दिवस 'पुसल्यासारखं वाटत नाही' अशी तक्रार आली. स्वच्छतेला वास नसतो हे नाकाला कळायला आठवडाभर लागतो.

स्प्रेबद्दल जरा थांबून सांगायला हवं. द्रव ओतला तर तो फरशीवर राहतो. फवारला की त्याचे बारीक कण हवेत तरंगतात आणि श्वासाबरोबर खोल जातात. युरोपातल्या १० देशांत साडेतीन हजार लोकांचा नऊ वर्षं पाठपुरावा करून २००७ मध्ये जे निष्कर्ष आले, त्यात आठवड्यातून एकदा तरी सफाईचे स्प्रे वापरणाऱ्यांत दम्याची लक्षणं किंवा दम्याची औषधं सुरू होण्याचं प्रमाण जवळजवळ दीडपट दिसलं. २०१८ मध्ये नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी ६,२३५ लोकांची वीस वर्षांची मापं तपासली. जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, त्याचं माप. वयानुसार ते सगळ्यांचंच घटतं, पण घरची सफाई करणाऱ्या बायकांचं दरवर्षी ३.६ मिलीने आणि सफाईची नोकरी करणाऱ्यांचं ३.९ मिलीने जास्त घटत गेलं. वर्षाला साडेतीन मिली म्हणजे काहीच नाही असं वाटेल. वीस वर्षांनी तो आकडा सत्तरच्या पुढे जातो, आणि तो परत मिळत नाही.

हे वाचताना डोळ्यापुढे मावशी येतात. घरचा माणूस आठवड्यातून एकदा बाथरूम घासतो, मावशी रोज पाच घरांची घासतात, आणि पाचही घरी बाटली वेगळी. एका घरून ॲसिडचे हात घेऊन दुसऱ्या घरी ब्लीचमध्ये बुडतात. महाराष्ट्रात २००८ पासून घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण कुठल्या घरात कुठली बाटली हातात द्यायची हे घरमालकच ठरवतो. म्हणून काचेचा आणि ओट्याचा स्प्रे आधी बंद केला, द्रव कापडावर ओतून पुसायचं ठरवलं.

मोज्यांचं मावशींनी एका वाक्यात सांगितलं: "आत पाणी जातं हो ताई, मग हात जास्तच फुगतात." अगदी बरोबर. मनगटापर्यंतचे आखूड मोजे घातले की हात वर केला की पाणी कोपराकडे ओघळतं, खाली आला की तेच आत शिरतं, आणि ओल्या रबरात तासभर कोंडलेली कातडी लवकर फाटते. शिवाय काचेच्या बांगड्यांनी कड फाटते. कोपरापर्यंत येणारे, एक नंबर मोठे मोजे आणले, बांगड्या आत राहतील असे, आणि वरची दोन बोटं कड बाहेर दुमडली, म्हणजे ओघळ तिथे अडतो. आत सुती पातळ मोजे, रोज धुऊन वाळवलेले. दर सोमवारी मोज्यात पाणी भरून पिळून बघायचं, टाचणीएवढं भोक असलं तरी जोडी बदलायची. तीन आठवड्यांत मावशींच्या नखांच्या कडेच्या भेगा मिटत आल्या.

ब्लीच मात्र ठेवलं. घरात उलट्या-जुलाब झाले तर ते लागतं. रोजच्या फरशीला त्याची गरज नाही. पातळ करण्याचं प्रमाण बाटलीवरच मार्करने लिहिलं: फरशीला, संडासाच्या कडीला २० मिली एक लिटर पाण्यात. उलटी-जुलाबाच्या जागी १०० मिली ब्लीच, ९०० मिली पाणी. आधी साबणाने घाण काढायची, कारण घाणीवर टाकलेलं ब्लीच घाणीतच खर्च होतं. साबणाचं पाणी धुऊन, मग ब्लीच, मग दहा मिनिटं ओलं ठेवायचं. गार पाणी घ्यायचं, पातळ केलेलं त्याच दिवशी संपवायचं. मोठा कॅन आणू नये. मराठवाड्या-विदर्भातल्या उन्हाळ्यात ब्लीचचा जोर काही महिन्यांत उतरतो, म्हणून तारीख बघून अर्धा लिटरच घ्यावं. टीसीएलचा डबा सोसायटीच्या पंपरूममध्ये, हजार लिटरला पाच ग्रॅमच्या मोजमापाच्या चमच्यासकट परत दिला. तो घरात, तेला-फिनाईलच्या शेजारी ठेवण्याची वस्तू नाही. उघडा राहिला तर हवेतल्या ओलीने जोर जातो, आणि तेलात मिसळला तर पेटू शकतो.

गडबड झाली तर काय करायचं, हे दाराच्या आतल्या बाजूला कागदावर लिहून चिकटवलं, कारण त्या क्षणी आठवत नाही. तिखट वास आला, डोळे चुरचुरले: बाहेर पडा, दार उघडं टाका, पाणी ओतायला परत आत जाऊ नका. बहुतेक वेळा दुसरा माणूस बाधतो तो असा परत आत गेल्यामुळे. कपडे बदला, मोकळ्या हवेत बसा, झोपू नका. तासाभराने बरं वाटलं तरी दिवसभर लक्ष ठेवा, कारण फुप्फुसात पाणी साचायला चोवीस तासही लागतात. धाप, घरघर, न थांबणारा खोकला असेल तर १०८. डोळ्यात काही गेलं तर पापण्या उघड्या धरून वाहत्या पाण्याखाली पूर्ण पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. कॉस्टिकला त्याहून जास्त. पोटात गेलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही. ॲसिड किंवा कॉस्टिक वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजतं, आणि फिनाईल उलटीबरोबर फुप्फुसात शिरतं. कॉस्टिकवर उतारा म्हणून लिंबू पाजायचं नाही. चूळ भरायला लावून, बाटली बरोबर घेऊन, थेट दवाखाना. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा नंबर, १८०० ११६ ११७, त्याच कागदावर ठळक लिहिला.

चौदांच्या जागी आता पाच नग आहेत: भांड्यांचं लिक्विड, लिंबूसत्व, धुण्याचा सोडा, खायचा सोडा, ब्लीच. यातही एक सापळा होता आणि तो चौथ्या दिवशी ध्यानात आला. लिंबूसत्वाची बरणी ओट्यावर साखरेच्या डब्याशेजारी ठेवली होती, आणि दोन्ही पांढऱ्याशुभ्र, दाणेदार. ती आता संडासाच्या वरच्या फळीवर, लाल झाकणाच्या बरणीत आहे. ब्लीच तिथून दूर, पॅसेजमधल्या उंच, कडी लागणाऱ्या कपाटात. दोन्ही एका हातात येणार नाहीत एवढं अंतर मोजून. ब्लीचवर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'एकटंच वापरायचं', आणि मावशींच्या सांगण्यावरून खाली एक लाल फुली काढलीय, त्यांच्या बरोबर कधीकधी येणाऱ्या सुनेला वाचता येत नाही म्हणून.